गुरुजींच्या घरात लिनक्स

अणदूरमध्ये कॉम्प्युटरचं काही अडलं की लोक बब्रुवान गुरुजींचं दार वाजवायचे. गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण शेवटच्या वर्षांत त्यांनी कॉम्प्युटरची परीक्षा पास केली होती आणि त्या जोरावर गावात त्यांचा दबदबा टिकून होता. कुणी अर्ज भरायला आलं की गुरुजी आधी चष्मा पुसत, मग खुर्ची पुसत, मग एक जाड वही काढत. त्या वहीत त्यांची सगळी विद्या होती. ‘खाली डावीकडं गोल दाबणे. वरून चौथं पिवळं दाबणे. थांबणे. न आल्यास पुन्हा थांबणे.’

बायको कडूबाई दारातून बघायच्या. बारा वर्षांत त्यांनी त्या यंत्राला हात लावला नव्हता. लावू दिला नव्हता म्हणा.

मग एका शनिवारी लेक सृष्टी पुण्याहून आली. ती तिथं सॉफ्टवेअरच्या कंपनीत कामाला होती. तिनं कॉम्प्युटर सुरू केला, चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी पडद्यावर गोल चाक फिरतच होतं.

“अप्पा, ह्या म्हाताऱ्या मशीनला नवं विंडोज झेपणार नाही,” ती म्हणाली. “भंगारात घालायचं नसंल तर विंडोजच्या जागी लिनक्स टाकते. हलकं असतं आणि फुकट असतं.”

“फुकट?” गुरुजींनी चष्मा काढला. “मालक कोण त्याचा?”

“कुणी एक मालक नाही. जगभरातली माणसं मिळून करतात. ज्याला पाहिजे त्यानं वापरावं, येत असंल त्यानं सुधारावं.”

“म्हंजे गायरान!” गुरुजी म्हणाले. “गायरानात काय उगवतं ते मला म्हाईत हाय.”

“अवो, टाकू द्या की पोरीला,” कडूबाई आतून म्हणाल्या. “चाक बघून माझंच डोकं फिरायलंय.”

सृष्टीनं तासाभरात लिनक्स टाकलं. कॉम्प्युटर दहा वर्षांनी तरुण झाला. बटण दाबलं की पडदा उघडायचा. गुरुजींना हेच आवडलं नाही. इतक्या लवकर सुरू होणाऱ्या वस्तूवर माणसानं विश्वास कसा ठेवायचा?

रविवारी सृष्टी परत गेली आणि गुरुजी वही उघडून बसले. खाली डावीकडं गोल नव्हतं. वरून चौथं निळं होतं. तरी त्यांनी ते दाबलं, तर पत्त्यांचा डाव उघडला. बंद करायला गेले तर पत्ते वाटले गेले. तीन दिवस ते असे झुंजले आणि बुधवारी त्यांनी सृष्टीला फोन लावला.

“अप्पा, सामान्य माणसालासुद्धा जमतं ते,” ती म्हणाली.

“सामान्य माणसाला जमत असंल,” गुरुजी गरजले. “मी सामान्य न्हाय!”

फोन ठेवून ते तणतणत पारावर गेले. इकडं खुर्ची रिकामी दिसली, तशा कडूबाई पदर खोचून तिच्यावर बसल्या. त्यांना काहीच येत नव्हतं, त्यामुळं काही विसरायचंही नव्हतं. मोबाइलवर असतात तशी चित्रं दिसली, त्यातलं एक दाबलं. गुरुजी परतले तेव्हा त्या लेकीशी पडद्यावर बोलत होत्या, बाजूला मिरच्या निवडत होत्या.

“कुणी शिकवलं तुला?” गुरुजींनी विचारलं.

“कुणी न्हाय. दाबलं, उघडलं.”

गुरुजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पण खरी परीक्षा पुढंच होती. येत्या रविवारी बाजारतळावर उस्मानाबादी शेळ्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि प्रमाणपत्रं छापायचं काम दरवर्षीप्रमाणं गुरुजींकडं होतं. शुक्रवारी त्यांनी मागच्या वर्षीची फाइल उघडली. पडद्यावर अशी अक्षरं आली, की जणू इंग्रजीला शिंगं फुटली होती. एका ओळीत नुसतेच टोपीवाले ए आणि शेपटीवाले सी.

“बघ!” गुरुजी आनंदानं ओरडले. इतका आनंद त्यांना आठवडाभरात झाला नव्हता. “गायरानानं माझी फाइल खाल्ली!”

सृष्टीनं फोनवर सांगितलं, की फाइल शाबूत आहे, फक्त तो जुन्या काळचा मराठी फॉन्ट ह्या कॉम्प्युटरवर नाही. “दुसऱ्या कुठल्याही नव्या मशीनवर हेच झालं असतं, अप्पा. एकदा नव्यानं टाइप करा, मग कायम चालंल.”

गुरुजींनी पुढचं ऐकलंच नाही. ते पारावर जाऊन फाइल खाल्ल्याची बातमी देऊन आले. तोवर कडूबाईंनी फोनवर सृष्टीला विचारत, एका बोटानं अक्षरं हुडकत अख्खं प्रमाणपत्र टाइप केलं होतं. भोवती वेलबुट्टीची चौकटसुद्धा काढली होती. शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी चाळीस शेळ्यांची यादी घातली. एका रकान्यात शेळीचं नाव, पुढं वय, रंग, वजन, स्वभाव, व्याली असल्यास किती वेळा, आणि शेवटी मालक.

आता फक्त यादी प्रमाणपत्राला जोडायची होती. कोणत्या जागी कोणता रकाना यायचा, तेवढं सांगायचं.

“उठ,” गुरुजी म्हणाले. “हे जोखमीचं काम हाय. हितं माणूस शिकलेला लागतो.”

कडूबाई उठल्या. गुरुजींनी रकाने जोडले. मनातून त्यांचा सगळा भरवसा प्रिंटरवर होता. प्रिंटर चालणार नाही, याची त्यांना खात्री होती. तो चालू करायची जुनी सीडी ते रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसले होते. लिनक्सला ती सीडी चालणार नाही, मग लेकीला फोन करायचा आणि काय काय बोलायचं, हेही ठरलं होतं. त्यांनी बटण दाबलं. प्रिंटर खाकरला आणि सटासट कागद बाहेर टाकू लागला.

गुरुजींचा चेहरा पडला. सीडी तशीच मांडीवर. या दुःखात त्यांनी एकही कागद वाचला नाही. गठ्ठा केला, सुतळीनं बांधला आणि आडवे झाले.

रविवारी बाजारतळ फुलला होता. शेळ्यांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. पाहुण्या म्हणून जनावरांच्या डॉक्टर समृद्धीताई आल्या होत्या. पहिला नंबर वीरप्पांच्या राणी नावाच्या शेळीचा आला. वीरप्पा म्हणजे शंभर किलोचा ऐसपैस गडी, ग्रामपंचायतीचे माजी सदस्य. ते राणीला घेऊन मंचावर चढले, तशी फळी कण्हली. समृद्धीताईंनी प्रमाणपत्र उचललं आणि माईकवर मोठ्यानं वाचलं.

“शेळीचे नाव, वीरप्पा. वय दोन वर्षे. रंग काळा. वजन एकोणचाळीस किलो. स्वभाव शांत, परंतु दोरी खाण्याची सवय.”

लोक वीरप्पांकडं आणि राणीकडं आळीपाळीनं बघू लागले. ताई वाचायच्या ओघात होत्या, त्या थांबल्या नाहीत.

“वीरप्पा यास उत्तम चारा घालून व वेळेवर लस टोचून सांभाळल्याबद्दल मालक राणी यांचा सत्कार करण्यात येत आहे.”

मग जो हशा उसळला, त्यानं चार शेळ्या दावं तोडून पळाल्या. वीरप्पांची बायको लक्ष्मीबाई उठून ओरडली, “स्वभाव शांत कुणी लिवलं? माझ्या घरी या म्हणावं एक दिवस!”

दुसरा नंबर दगडोबांचा. ते घाईनं म्हणाले, “माझं वाचू नका!” पण लोक ऐकेनात. दगडोबा तीन वेळा व्याले असून दोन्ही वेळा जुळी झाल्याचं त्यात होतं. तिसऱ्या वेळचं काय, यावर वाद पेटला.

आता सगळ्यांच्या नजरा गुरुजींवर. त्यांच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. ते माईकपाशी गेले. “मंडळी, यात माझा काही दोष न्हाय. लेकीनं घरात लिनक्स घातलंय. फुकटचं हाय. त्यानंच उलटापालट केली.”

“अवो,” बायकांच्या बाजूनं कडूबाईंचा आवाज आला, “लिनक्सला काय म्हाईत, वीरप्पा कोन आन् शेळी कोन? त्याला तुमी सांगितलं.”

गुरुजींनी चष्मा पुसला. वहीतलं काही आठवेना. बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, आणि तेही माईकवर, ते म्हणाले, “व्हय. माझंच चुकलं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या नंबरला वाजल्या नव्हत्या तेवढ्या.

गुरुजींना वाटलं, आता सगळे प्रमाणपत्रं फेकून देतील. पण कुणी फेकेना. वीरप्पांनी तर कागद छातीशी धरला. “एकोणचाळीस किलो!” ते म्हणाले. “सरकारी शिक्का हाय का ह्याच्यावर? माझ्या डॉक्टरला दाखवतो. वजनावरून लई बोलत असतो मला.” दगडोबांनी मात्र बदलून मागितलं, ते कडूबाईंनी सोमवारी सकाळी पाच मिनिटांत करून दिलं.

पण सोमवारी संध्याकाळी नवीच आफत आली. दारात सात माणसं आणि तीन जुने कॉम्प्युटर. प्रत्येकाला लिनक्स पाहिजे होतं. ते टाकलं की अशी प्रमाणपत्रं निघतात, असा गावाचा पक्का समज झाला होता. तसं नसतं, हे गुरुजींनी तास-दीड तास समजावून सांगितलं. ऐकून घेऊन वीरप्पा म्हणाले, “बरं. मग आधी माझ्यात टाका.”

तेव्हा ठरलं असं, की कडूबाई टाकतील, सृष्टी फोनवरून सांगेल आणि गुरुजी पेन ड्राइव्ह धरतील. वीरप्पांच्या ओसरीवर अर्धी गल्ली जमली. सगळं नीट झालं आणि शेवटी पडद्यावर पासवर्डची चौकट आली.

“आता तुमच्या मनातला एक शब्द घाला,” कडूबाई म्हणाल्या. “कुणाला सांगायचा न्हाय.”

वीरप्पांनी डोळे मिटून विचार केला. मग चावडीवर दवंडी द्यावी तशा आवाजात म्हणाले, “लक्ष्मी एकोणचाळीस!”

“अवो, मोठ्यानं न्हाय!” कडूबाईंनी कपाळाला हात लावला. “आता सगळ्यांना कळला की.”

“कळू द्या,” वीरप्पा म्हणाले. “मी इसरलो तर सांगायला नको का कुणी?”

गल्लीतल्या लोकांनी माना डोलावल्या. गुरुजींनीसुद्धा थोडा विचार केला आणि डोलावली.