छताचा चुरा

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास देवांगने हॉलच्या छताला पहिलं भोक पाडलं. अकरापर्यंत पडद्याची पट्टी बसली, पडदा चढला आणि एडिसनमधल्या त्या वन-बेडरूम फ्लॅटमध्ये सासूबाईंना हक्काचा कोपरा मिळाला.

संध्याताई लेकीच्या, चैत्रालीच्या, बाळंतपणाला नागपूरहून आल्या होत्या आणि नात आन्या झाल्यापासून महिनाभर हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होत्या. "दोन खिळे ठोक, सुतळी बांध, माझी जुनी साडी टाक. झाली खोली!" असं त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. इथंच जन्मलेल्या जावयाला ते पटेना.

"नो आई, सीलिंगपासून. प्रॉपर रूम पाहिजे."

पडदा खरंच देखणा दिसत होता. छताच्या खरबरीत गिलाव्याचा चुरा मात्र रव्यासारखा सगळीकडे सांडला होता. व्हॅक्यूमवर संध्याताईंचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेला झाडू घेतला आणि कोपरा न् कोपरा लख्ख केला.

रविवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे गुरुदत्तकाका पडदा बघायला आले. त्यांनी मान वर केली आणि चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"देवांग, बिल्डिंग चौऱ्याहत्तर सालची आहे. ड्रिल करण्याआधी सीलिंग टेस्ट केलंस ना?"

"टेस्ट फॉर व्हॉट, काका?"

"ॲस्बेस्टॉस रे. तेव्हा गिलाव्यात घालायचे. छतावर आहे तोवर गप्प असतं. चुरा झाला की श्वासावाटे छातीत जातं, ते पुन्हा निघत नाही. कुणी झाडलं?"

"मी," संध्याताई म्हणाल्या.

"कोरडंच? म्हणजे सगळं हवेत उडालं."

देवांग मध्ये पडला. "इट्स ओके, आई. आन्या बेडरूममध्ये होती. दार बंद होतं."

संध्याताईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"नंतर आणली होती मी तिला बाहेर. चैत्राली आंघोळीला गेली होती. ऊन पडद्यापाशीच येतं, म्हणून तिथंच पाय पसरून बसले, मालिश केली. तेलाच्या पाठीवर पांढरे कण चिकटले होते. मला वाटलं, पावडर आहे. चोळून काढले."

"आई!" चैत्राली एवढंच म्हणाली आणि पाळण्यातून आन्याला उचलून जिन्याकडे पळाली.

त्या रात्रीपासून सगळे गुरुदत्तकाकांकडे राहतात. सोमवारी डॉक्टरांनी आन्याला तपासलं. एकदाच असं झालं तर धोका फार कमी, पण रिपोर्ट आला की दाखवा, असं ते म्हणाले. गिलाव्याचा तुकडा लॅबला गेला. मालिश बंद आहे. संध्याताईंनी नातीला मागितलं नाही, चैत्रालीनंही दिलं नाही.

बुधवारी दुपारी लॅबचा मेल आला. गिलाव्याचे दोन थर आहेत. वरच्या, नंतर दिलेल्या थरात काही सापडलेलं नाही. आतला, चौऱ्याहत्तर सालचा मूळ थर अजून तपासायचा आहे.