उपमेयरबाईंचा नवरा

"वहिनी, हितं सही करा. सरपंच म्हणून." ग्रामसेवकाने ठरावाचं रजिस्टर पुढे सरकवलं.

विजयमालाने पेन घेतलं नाही. सरपंच ती होती, हे गावाने आठवड्यापूर्वी गुलाल उधळून सांगितलं होतं. गुलाल मात्र नवऱ्याच्या, नानासोंच्या, डोक्यावर पडला. कडेगावात छापलेल्या फलकावर नानासोंचा फोटो परातीएवढा आणि हिचा वाटीएवढा. आज पहिली मासिक सभा, तर सरपंचाच्या खुर्चीत नानासो ऐसपैस आणि ही भिंतीशी, प्लास्टिकच्या खुर्चीत.

तेवढ्यात रंगुबाई नळाचं गाऱ्हाणं घेऊन आली, तीही थेट नानासोंकडे. "आवं सरपंच, सा म्हयनं झालं, आमच्या गल्लीला थेंब न्हाई."

"बगतो मी," नानासो म्हणाले.

बगतो मी! विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच माणूस बावीस वर्षं नेपाळात, बुटवलला, सोनं-चांदी गाळायचा धंदा करत होता. घरमालकाने दुकान खाली करा म्हणून तगादा लावला, तेव्हा तंटा तिथल्या पालिकेच्या उपमेयरपुढे गेला. तिकडे असले तंटे उपमेयरच ऐकतात, आणि ती निघाली बाई, विजयमालापेक्षाही लहान. तिने दोघांचं ऐकलं, कागद वाचले, तडजोड करून दिली. विजयमालाच्या डोळ्यांदेखत नानासो तासभर हात जोडून उभे, दर वाक्याला 'हजुर, हजुर'. उपमेयरबाईंचा नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून शेंगा सोलत होता. बायकोला न्यायला आला होता, एवढंच त्याचं काम. विजयमालाच्या मनात त्या निवाड्यापेक्षा त्या शेंगाच घर करून राहिल्या होत्या.

"उठा," ती म्हणाली.

"आँ?"

"बुटवलला बाईपुढं हात जोडून हुबं ऱ्हायलासा. मग हितंच काय झालं?"

सदस्य जमिनीकडे बघू लागले. नानासोंनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "आगं, ती त्येंची रीत. दर वर्साला सरकार पडतंय त्येंचं, आन् तू त्येंचं कवतिक सांगतीस?"

"सरकार पडू द्या की! खुर्चीत बाई हुती का न्हाई? आन् तिथं बी माजा नवरा तुमीच हुता. तवा कसं जमलं?"

ग्रामसेवक पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. "सही?" त्याने हळूच विचारलं.

"करती. खुर्चीत बसून करती."

नानासो उठले. टोपी सारखी करत, कुणाकडे न बघता बाहेर गेले आणि मोटारसायकलवर जाऊन बसले. विजयमाला खुर्चीत बसली. खुर्ची अजून गरम होती, आणि त्याचाही तिला राग आला. तिने ठराव पहिल्या ओळीपासून वाचला आणि सही केली.

"बोला मावशी, नळाचं काय म्हणत हुतासा?"

रंगुबाईने पदर सावरला, मान वळवली आणि दारातून बाहेर, मोटारसायकलकडे बघत सुरुवात केली. "काय सांगू, सरपंच..."

विजयमालाने टेबलावर पेन आपटलं.

"मावशी, हिकडं. हिकडं बगून सांगा."