पायाने चालणारी इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे मित्रांनो, पण हाताची नव्हे, पायाची. माझा लोखंडी ठोकळा शेगडीवर तापवायचा, बुटक्या फळीवर कपडा अंथरायचा, माझ्या पाठीवरच्या लाकडावर पाय ठेवायचा आणि लांब दांडा धरून अंगाचा सारा भार टाकायचा. कैरोच्या बुलाक वस्तीत उस्ता, म्हणजे उस्ताद कारागीर, शहातांनी मला जन्मभर असंच चालवलं. जाड लोकरी गलाबियावर, म्हणजे तिकडच्या पायघोळ झग्यावर, माझी घडी बसली की गिऱ्हाईक म्हणे, "उस्ता, या घडीने दाढी करता येईल."

पुढे उस्तांचा गुडघा सुजू लागला. त्यांची मुलगी इन्साफ इंग्रजीची शिक्षिका होणार होती. ती दुकानातच धडे घोकत बसे. एकदा उस्तांनी विचारलं, "इफेक्टिव्ह काय, एफिशियंट काय, दोन्ही म्हणजे कामाचंच ना? इंग्रजांना दुसरे उद्योग नव्हते वाटतं."

"बाबा, जे काम तडीस नेतं ते इफेक्टिव्ह. आपली इस्त्री तशी आहे. पण थोड्या वेळात, थोड्या जळणात, अंग न मोडता जे तडीस नेतं, ते एफिशियंट."

"मग ही?"

"ही तशी नाही. विजेची इस्त्री तशी आहे."

उस्तांचा चहा तसाच निवला. मलाही ते लागलं. खोटं असतं, तर एवढं लागलं नसतं.

मग एका दुपारी, मी पायाखाली असतानाच, त्यांचा गुडघा मुडपला आणि ते कोसळले. इन्साफने मलम चोळलं.

"या मलमाला कोणता शब्द?" त्यांनी कण्हत विचारलं.

"एफिकेशियस. गुण देणाऱ्या औषधाला तो शोभतो. पण पाय हलवायचा नाही."

नेमकी त्याच संध्याकाळी एका नवरदेवाची गलाबिया द्यायची होती. शेजाऱ्याची विजेची इस्त्री आणली, पण ती जुनीपुराणी, लोकर तिला बधेना. तेव्हा इन्साफने चपला काढल्या आणि माझ्यावर पाय ठेवला. पोरीबाळींनी मला चालवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"टाच टेक," उस्ता बसल्या जागेवरून म्हणाले. "दांड्याला लटकू नकोस, ती काही मिनीबस नाही."

तिने ओठ आवळून रेटा दिला. घडी अशी बसली की नवरदेव बघतच राहिला. तो गेला, आणि इन्साफ घामाने निथळत खाली बसली. तिचा हात गुडघ्यावर होता. उस्ता त्या हाताकडे पाहत राहिले.

"झालं ना काम, बाबा?"

"झालं. हिला पहिला शब्द शोभतो, दुसरा नाही," ते म्हणाले. "उद्या बाजारात जा. विजेची चांगली नवी घेऊन ये."

मित्रांनो, आता मी भिंतीवरच्या फळीवर असते. गंज चढू नये म्हणून इन्साफ माझ्यावर तेलाचा हात फिरवते, म्हणून माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. तुम्ही घडीचं कौतुक जरूर करा. पण ती घालताना कोणाचे गुडघे झिजले, तेही एकदा विचारा.