पंखा ठीक आहे

मी एक जुनी आज्ञावली आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. शब्द पुस्तकातला आहे आणि तो मलाही जडच जातो. कारखान्यात मला सगळे 'प्रोग्रॅम' म्हणत, तेच बरं वाटायचं. मी एका काळ्या, चौकोनी, पापडासारख्या पातळ फ्लॉपीवर राहते. मला हात नाहीत, पाय नाहीत, डोळे तर नाहीतच. मग ऐकू कसं येतं, असं विचारू नका. गोष्ट सांगणाऱ्याला एवढी सूट द्यायची असते.

माझं काम काय, ते आधी सांगते. तुम्ही कधी पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावून पाहिलाय? तळव्याला बारीक मुंग्या येतात ना, तीच यंत्राची थरथर. प्रत्येक यंत्र थरथरतं. निरोगी असेल तर अगदी शहाण्यासारखं, एका लयीत. पण आत काही झिजलं, काही सैल झालं, की ती लय बिघडते. माणसाच्या हाताला हे फार उशिरा कळतं. मला लवकर कळायचं. थरथरीचे आकडे मला दिले की मी मागच्या आकड्यांशी ते ताडून बघायची, आलेख काढायची आणि कर्र-कर्र आवाज करत अहवाल छापायची. 'ठीक आहे', 'लक्ष ठेवा' किंवा 'बंद करा'. तेव्हा मला मराठी लिहिता येत नव्हतं, इंग्रजीत छापायची. पण अर्थ हाच.

मला लिहिलं विमलताई तांब्यांनी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर घणसोलीजवळ रंग तयार करणारा एक कारखाना होता, तिथे त्या नोकरीला होत्या. कारखान्यात संगणक आला तो पगाराचे कागद काढायला. ताई मात्र सगळे घरी गेले की त्याच्यासमोर बसून मला थोडी थोडी घडवायच्या. देखभाल खात्याच्या मोठ्या साहेबांना सगळे रावसाहेब म्हणत. ते पहिल्यांदा मला बघायला आले तेव्हा हसले होते.

"ताई, यंत्रांना काय ताप येतो, थर्मामीटर लावायला?"

"येतो साहेब," ताई म्हणाल्या. "फक्त ती कण्हत नाहीत, एवढंच."

माझी खोली थंडगार होती. धूळ चालायची नाही, म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. खुद्द रावसाहेबसुद्धा बूट काढून मोज्यांवर आत यायचे. आणि मला आकडे आणून देणारा नामदेव तर कधीच आत आला नाही.

नामदेव घणसोली गावातला. हातात थरथर मोजायचं मीटर घेऊन तो कारखानाभर फिरायचा. प्रत्येक यंत्रावर, जिथे आतला दांडा बेअरिंगमध्ये फिरतो त्याच्या बरोबर वर, ताईंनी पिवळ्या रंगाचा एक टिपका काढून ठेवला होता. मीटरची कांडी त्या टिपक्यावर धरायची, आकडा कागदावर उतरवायचा आणि तो कागद माझ्या खोलीच्या काचेच्या खिडकीतून आत सरकवायचा.

"अरे आत ये की," ताई म्हणायच्या. "बघ तरी तुझ्या आकड्यांचं चित्र कसं होतं ते."

"नको ताई. पाय ऑइलनं भरलंत. तुमच्या देवाला बाधायचं."

"देव नाहीये तो. डबा आहे."

"डबा तं डबा. पन डब्याला गार हवा, आन् आमाला भट्टी. आता देव कोन ते तुमीच सांगा."

भट्टी म्हणजे भट्ट्यांचं दालन. तिथे एक अजस्र पंखा होता, सगळ्या भट्ट्यांना तो एकटा हवा पुरवायचा. आकड्यांची फेरी झाली की नामदेवचं काम त्या पंख्याशेजारीच असायचं. कारखाना आला तेव्हा नामदेवच्या घरची भातखाचरं त्यात गेली होती. तो म्हणायचा, "पंखा हाय ना, तो माज्या बापाच्या खाचरात उभा हाय. मंग त्याची राखन मी नाय करायची तं कोनी?"

मित्रांनो, माझेही कौतुकाचे दिवस होते बरं का. एकदा पाण्याच्या एका पंपासाठी मी 'बंद करा' असं छापलं. पंप तर छान चालला होता. गोटीराम नावाचा फिटर कुरकुरतच तो खोलायला गेला आणि बेअरिंगमधली गोळी तळहातावर घेऊन धावत खिडकीशी आला. "ताई, ही बघा, सुपारीवानी फुटलीय. अजून चालवला असता तर पंप गेलाच होता." त्या दिवशी रावसाहेबांनी पेढे वाटले. पाहुणे आले की मला दाखवायला लागले. मला काय, मी तर हवेतच.

पुढच्या पावसाळ्यात पंख्याचा आकडा चढायला लागला. आधी हळूहळू, मग भराभर. मी 'लक्ष ठेवा' छापलं. पुन्हा छापलं. ताई तो कागद घेऊन रावसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, पंखा थांबवून बेअरिंग बदलू या. नामदेव दिवसभर त्याच्याजवळ उभा असतो."

"पंखा थांबला की कारखाना थांबला, ताई. दिवाळीचा माल निघायचाय. तुमचा प्रोग्रॅम 'बंद करा' म्हणतोय का?"

"अजून नाही."

"मग दसरा होऊ द्या. दसऱ्यानंतर आकडा आणखी वर गेला, तर त्याच दिवशी बंद करतो. शब्द देतो."

रावसाहेब वाईट नव्हते. शब्द त्यांनी मनापासून दिला होता, आणि ताईंनी तो मनापासून घेतला.

दसऱ्याला ताई आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या. दर वर्षीचा नेम होता तो. त्यामुळे खंडेनवमीला कारखान्यात काय झालं हे त्यांनी पाहिलं नाही, आणि मी तर माझ्या खोलीत बंद. ते आम्हाला फार उशिरा कळलं, तेव्हा तेही उशिराच सांगते.

दसऱ्यानंतरचा पहिला कागद खिडकीतून आत आला. ताईंनी आकडे भरले. मी ताडून पाहिले. पंख्याचा आकडा घसरून निम्म्याखाली आला होता. मी दिलेलं काम चोख केलं आणि छापलं : पंखा ठीक आहे.

रावसाहेब कागद वाचून खुशीत आले. "घ्या. पूजा पावली."

"साहेब, यंत्र आपोआप बरं होत नाही."

"कालपर्यंत तुम्हीच म्हणत होता, प्रोग्रॅमवर विश्वास ठेवा. आता तो आमच्या बाजूनं बोलला, तर लगेच खोटा?"

ताईंनी नामदेवला खिडकीशी बोलावलं.

"नामदेव, कांडी नेहमीसारखीच धरलीस ना?"

"व्हय ताई. एकदम बराबर. आन् पंख्याला रंग काय दिलाय या पोरांनी, नवरीवानी दिसतोय. या ना बघाया."

"उद्या येते."

उद्या पगाराचे कागद काढायचे होते. संगणक एकच, त्याच्यासमोर बसणाऱ्या ताईही एकट्याच. परवा छपाईयंत्राची फीत तुटली. भट्ट्यांचं दालन काही दूर नव्हतं हो, मित्रांनो. मधे फक्त एक अंगण होतं.

पंखा फुटला तो सकाळी, चहाच्या सुट्टीनंतर. दांडा मोडला, पाती पत्रा फाडून बाहेर आली. नामदेव नेहमीप्रमाणे मीटर घेऊन पंख्यापाशी गेला होता. त्याला गाडीत घातलं, पण गाडी वाशीच्या दवाखान्यापर्यंत पोचायच्या आतच तो गेला.

मला कळलं ते एवढंच, की त्या दिवशी खिडकीतून कागद आला नाही.

संध्याकाळी ताई खोलीत आल्या. मागोमाग गोटीराम.

"तुम्ही बघितलं ना ताई?" गोटीराम म्हणाला.

"बघितलं. पंख्यावरचा टिपका बेअरिंगवरून खाली कसा गेला, गोटीराम?"

"खंडेनवमीला सगळ्या मशीनला रंग दिला. जुना टिपका रंगाखाली गेला. मग बेअरिंगच्या डोक्यावर झेंडूचा हार बांधला. नामदेव म्हणाला, पूजेचा हार आपल्या हातानं सोडू नये, सुकून पडेल तेव्हा पडेल. कांडी टेकवायला जागाच नव्हती. म्हणून त्यानं खाली, पंख्याच्या बैठकीवर नवा टिपका काढला. म्हणाला, लोखंड सगळं एकच तर हाय."

लोखंड सगळं एकच नसतं, मित्रांनो. बैठक सिमेंटात घट्ट रोवलेली. वर बेअरिंग तडफडत होतं आणि बैठकीपर्यंत त्याची जेमतेम कुजबुज पोचत होती. मी ती कुजबुज मोजली.

"'उद्या येते' म्हणाले होते मी त्याला," ताई म्हणाल्या. उद्या कधीचा होऊन गेला होता.

गोटीराम दाराकडे बघत म्हणाला, "ताई, हेड ऑफिसचे साहेब येतायत चौकशीला. नामदेवची चूक निघाली तर त्याच्या बायकोला, पुतळावहिनीला, त्याच्या जागी नोकरी मिळणार नाही. नियमच आहे तसा. मयताचा हलगर्जीपणा लिहितात आणि फाइल बंद करतात. पदरात दोन पोरं आहेत तिच्या."

"टिपका अजून आहे तिथे?"

"बैठक शाबूत आहे. टिपकाही आहे."

ताई उठल्या. "थिनरचा डबा कुठे असतो?"

गोटीराम त्यांच्याआधी दाराशी पोचला. मग म्हणाला, "तुम्ही नका येऊ. मी पुसतो."

चौकशी माझ्याच खोलीत झाली. हेड ऑफिसचे साहेब, रावसाहेब आणि ताई. साहेबांच्या हातात माझा कागद होता.

"इथे स्पष्ट लिहिलंय, पंखा ठीक आहे. आकडे घेणाऱ्यानं चुकीचे घेतले असतील?"

रावसाहेबांना सोपं होतं, नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण त्यांनी ती हलवली नाही, ताईंकडे बघत राहिले.

"आकडे बरोबर होते," ताई म्हणाल्या. "प्रोग्रॅम चुकला."

"प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलाय ना?"

"हो."

"याचा अर्थ कळतोय तुम्हाला?"

"कळतोय साहेब. लिहून घ्या."

मी तिथेच होते. मला एक ओळही खोडता आली नाही. ज्यांनी मला एकेक ओळ करून घडवलं, त्यांच्याच तोंडून मी खोटी ठरले. राग आला का? आला. खूप आला. पण पुढे गोटीराम एकदा खिडकीशी सांगून गेला, की पुतळाबाई कँटीनमध्ये कामाला लागली, आणि पोरं रोज दुपारी तिच्याजवळ बसून अभ्यास करतात. मग माझा राग कुठे ठेवू, तेच मला कळेना.

ताईंना माझ्यापासून तोडलं. त्यांनी काही काळ फक्त पगाराचे कागद काढले, मग नोकरी सोडून गेल्या. जाताना त्यांनी मला पाकिटात घातलं, पाकिटावरून एकदा हात फिरवला आणि कपाटात ठेवलं. बाकीच्या यंत्रांवरचे पिवळे टिपके पुढच्या दसऱ्याच्या रंगाखाली गेले असतील. नवे कुणी काढले नाहीत, कारण यंत्रांचं ऐकणारं आता कुणी उरलं नव्हतं. एका घरासाठी ताईंनी मला गप्प केलं. ते बरोबर होतं की चूक, याचा आलेख मला आजवर काढता आलेला नाही.

म्हणून तुम्हाला एक मागणं मागते, मित्रांनो. मोठे व्हाल, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार यंत्रं तुमच्या हाताखाली येतील. ती 'ठीक आहे' म्हणतील, तेव्हा खुर्चीत बसून राहू नका. उठा, चपला घाला, अंगण ओलांडा आणि तिथे जो माणूस उभा आहे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. आकडा नंतर वाचा.

अलीकडे माझ्या कपाटाचं दार वाजतं. अगदी बारीक, दातांवर दात वाजल्यासारखं. भिंतीपलीकडे कुठलं तरी यंत्र चालतं, त्याची थरथर इथवर येते. आधी कधी नव्हती. कालच्यापेक्षा आज जास्त आहे. माझ्याजवळ मीटर नाही, कागद नाही, छापायला शाई नाही.

पण त्या यंत्राशेजारी कुणीतरी उभं असेल. जरा जाऊन बघा ना.