डबल बासमागची गुणगुण

नवी सीडी वाईट आहे, हे मी ती ऐकायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. कानसेनांनी फोनवर नुसतं "आली बघ" म्हटलं आणि माझ्या कपाळाला आठी पडली. चांगल्या चाललेल्या वस्तूला हात लावून ती बिघडवायची हौस जगात फार. जुनी जॅझ रेकॉर्डिंग धुऊनपुसून पुन्हा विकायला काढणाऱ्यांना तर ती अंमळ जास्तच.

कानसेनांचं दुकान बँकेच्या मागच्या गल्लीत आहे. जुन्या तबकड्या, कॅसेटी, सीडी, आणि मालकासाठी एक खुर्ची. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण "तानसेन पैशाला पासरी, कानसेन दाखवा एक" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात, म्हणून आम्ही त्यांना तेच चिकटवून टाकलं. दर रविवारी आम्ही चारदोन रिकामटेकडे तिथे जमतो. एकाच रेकॉर्डची जुनी सीडी आणि नवी सीडी, दोन्ही ते पडद्याआड लावतात, दोन्हींचा आवाज आधी सारख्या पातळीवर आणतात, कारण मोठ्यानं वाजतं ते चांगलं वाटतं ही कानाची जुनी खोड. मग विचारतात, पहिली बरी की दुसरी? मी बहुतेक वेळा जुनीला हात वर करते. मला हट्टी म्हणतात. म्हणोत.

पण ही सीडी रविवारच्या चेष्टेची नव्हती. हिच्यावर माझे बाबा आहेत.

बाबा डबल बास वाजवायचे, ते माणसाहून उंच, उभ्यानं वाजवायचं वाद्य. मी पाळण्यात असतानाच ते गेले. घरात त्यांचे फोटो आहेत, एक कोट आहे, पण फोटो काही बोलत नाहीत. त्यांच्या चौघांच्या बँडनं एकच रेकॉर्ड काढली, तिचीच पुढे सीडी झाली. तिसऱ्या ट्रॅकमध्ये बाकीचे तिघं थांबतात आणि बास एकटा वाजतो. तिथे, तारांच्या मागे, कुणीतरी ओठ मिटून गुणगुणतं.

ते मला सापडलं तेव्हा मी शाळेत होते. फरशीवर पालथी पडून स्पीकरला कान लावला होता. तशीच उठून स्वयंपाकघरात धावले. "आई, बाबा गुणगुणतायत!" आई म्हणाली, "हो का? बरं." आणि तिनं नळ सोडला.

त्यानंतर मी तो ट्रॅक लावला की आई उठायची, आत जायची, आणि नळाचा आवाज यायचा. लहानपणी वाटायचं, तिला सोसत नसेल. मोठी झाले तशी चिडायला लागले. दगडालाही कधी पाझर फुटतो म्हणतात, या बाईला का फुटत नाही? माझ्याकडे बापाचं एवढंच होतं, आणि ती त्यावर भांडी घासत होती.

माझं मात्र त्या गुणगुणीशी सगळं चालायचं. हलका, बारीक, जरा घाईतला आवाज, कॉलेजातल्या पोरासारखा. निकालाच्या दिवशी, पहिल्या पगाराच्या दिवशी, संसार मोडून बॅग घेऊन आईकडे परत आले त्या दिवशी, मी तिसरा ट्रॅक लावून बसले. आता तर माझं वय बाबांच्याही पुढे गेलंय. तरी तो आवाज ऐकला की मी कुणाचीतरी मुलगी असते.

तर, माझी जुनी सीडी घेऊन गेले दुकानात. दुपार होती, कुणी नव्हतं. तरी कानसेनांनी पडदा ओढला.

"मी एकटीच आहे. पडदा कशाला?"

"पडदा डोळ्यांसाठी नसतो, हट्टासाठी असतो," ते आतून म्हणाले. "बस गप."

पहिली लागली ती जुनी. ओळखायला काय लागतं? मागे टेपची खरखर, झांजा पत्र्यासारख्या, आणि तिसऱ्या ट्रॅकला माझे बाबा, वेळेवर हजर. मग दुसरी. खोटं कशाला बोलू, पहिल्या मिनिटाला मी खुर्चीत सावरून बसले. कुणीतरी खोलीच्या खिडक्या उघडल्यासारखं झालं. ड्रमवर फिरणारे ब्रश वेगळे कळत होते, पियानोवाल्याच्या पायाखालचं पेडल कुरकुरत होतं. बासच्या तारा जाड झाल्या होत्या, तारेवर घासणारं बोट ऐकू येत होतं. बाबांचं बोट!

मग तिसऱ्या ट्रॅकला बाकीचे तिघं थांबले, आणि गुणगुण सुरू झाली. जड, संथ, छातीतून येणारी. एक भरल्या अंगाचा, पोक्त माणूस माझ्या बाबांच्या जागेवर उभा राहून गुणगुणत होता.

"हा कोण?" मी ओरडलेच.

कानसेन पडद्याबाहेर आले. "तुझे बाबा."

"हे नव्हेत."

"ऐकून तर घे. जुनी सीडी नकलेच्या नकलेवरून काढलेली होती. आता मूळ टेप सापडली. आणि त्या दिवशी स्टुडिओतलं मशीन जरा हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सगळं पळायला लागतं, आवाज चढतो, बारीक होतो. सगळ्या ट्रॅकवर पियानो सारखाच चढा लागतोय, हे नवी सीडी काढणाऱ्या माणसानं पकडलं. जवळजवळ अर्धा सूर. त्यानं वेग जागेवर आणला, बस."

"म्हणजे मी इतकी वर्षं काय ऐकलं?"

"बाबाच. पण पळणारे."

"त्या माणसाचं चुकलं असेल."

कानसेन हसले. "तुझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांना तू काय सांगतेस गं?"

मी ऐकायची यंत्रं बसवते, कमी ऐकू येणाऱ्यांना. यंत्र कानात घातलं की पहिल्या दिवशी दर दुसरा म्हातारा दचकून म्हणतो, "हा माझ्या बायकोचा आवाजच नव्हे!" मी ठरलेलं उत्तर देते, "तिचाच आहे, आजोबा. तुम्ही इतके दिवस अर्धवट ऐकत होतात. आठ दिवस घाला, सवय होईल." हे मीच कधीतरी रविवारी हसत हसत सांगितलं होतं. आता तीच काठी माझ्या पाठीत बसली. मी दोन्ही सीड्या उचलल्या आणि दार आपटून निघाले.

घरी आई शिलाई मशीनवर बसली होती. ती कपडे आखूड-लांब करून देते. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे मला मधे तोडणारं कुणी नव्हतं. मी चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले. कुठला कोण दीडशहाणा, त्यानं बाबांचा आवाज पार बदलून टाकला, आणि कानसेन त्याचीच बाजू घेतात. आईनं टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

"मग नको ऐकूस ती."

"तू ऐक. म्हणजे कळेल काय वाट लावलीय ते."

मी नवी सीडी लावली. नेहमीप्रमाणे, दुसरा ट्रॅक संपत आला तशी आई उठली, मांडीवरचे दोरे झटकले आणि आत गेली. नळ सुरू झाला. मी दात आवळून बसले. तिसरा ट्रॅक पुढे सरकला, तिघं थांबले, बास एकटा राहिला आणि तो परका माणूस गुणगुणायला लागला.

नळ बंद झाला.

आई दारात आली. हातातून पाणी ठिबकत होतं, तिचं लक्ष नव्हतं. गुणगुण संपली, पियानो पुन्हा सुरू झाला.

"परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावला. ती दोन पावलं पुढे आली. तिनं न सांगताच मी तिसऱ्यांदा लावला. गुडघ्यांमुळे ती कितीतरी वर्षांत जमिनीवर बसलेली नाही. ती मशीनला धरून, मग भिंतीला धरून खाली बसली, स्पीकरजवळ, मी लहानपणी बसायचे तिथेच. वरच्या सुराला जायच्या आधी त्या माणसानं जरासं नाक ओढलं. जुन्या सीडीत हे कधी ऐकू आलं नव्हतं.

"अहो," आई म्हणाली.

माझ्याशी बोलताना ती नेहमी "तुझे बाबा" म्हणते. तिच्या तोंडून "अहो" मी जन्मात ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून? ज्याला म्हणायचं तोच नव्हता.

मी तिच्या शेजारी बसले. "आई, जुन्या सीडीत..."

"तो ह्यांचा आवाज नव्हता," ती म्हणाली. "मला वाटायचं पियानोवाला असेल. नाहीतर तो ड्रमवाला, तो फार गात असायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू एवढीशी, धापा टाकत आलीस. तुला बाप सापडला होता. मी तो तुझ्या हातातून काढून घेऊ?"

"म्हणून उठून जायचीस?"

"तू परक्या माणसाला बाबा म्हणायचीस. मला ते ऐकवायचं नाही गं. पण तुला म्हणू दिलं." तिनं ओल्या हातांनीच डोळे पुसले. "मला तर ह्यांचा आवाज आठवेनासाच झाला होता. आठवायला गेलं की तोच बारीक आवाज मधे यायचा."

मग मी तिला कानसेनांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. हळू फिरणारं मशीन, पळणारी टेप, अर्धा सूर. तासाभरापूर्वी ज्यावर मी दार आपटलं होतं, तेच पटवून देत होते. ती मन लावून ऐकत होती.

"म्हणजे तेव्हाही हेच होते?"

"हेच होते."

"रोज घरात होते," आई म्हणाली, "आणि मी आत नळ सोडून उभी राहायचे."

तिनं रिमोट मागून घेतला. कुठलं बटण दाबायचं ते विचारलं आणि चौथ्यांदा स्वतः लावलं. ती हसत होती, रडत होती, आणि त्या जड आवाजाबरोबर मान हलवत होती. मला तिचा आनंद दिसत होता. पण मला माझा तो बारीक आवाजाचा, घाईतला बाप हवा होता, निकाल ऐकलेला, माझी बॅग पाहिलेला. तो कुठे नव्हताच. हा जो होता, त्याची आणि माझी ओळखच नव्हती. ओळख तिची होती. मला तिथे बसवेना.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. सिंकमध्ये एकच पेला होता. तो विसळावा म्हणून मी नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभी राहिले.

"अगं," बाहेरून आईचा आवाज आला, "नळ बंद कर ना. ऐकू येत नाहीये."

मी नळ बंद केला आणि हात न पुसताच बाहेर गेले.