रायसाताईंचा उपास

लॉकडाऊनच्या काळात मी खारकीवच्या सेम्योनकडे ऑनलाइन बुद्धिबळ शिकलो. म्हणजे तो शिकवायचा, मी हरायचो. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "या आमच्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला." असं आपण म्हणतो, लोक काही येत नाहीत. सेम्योन आणि त्याची थोरली बहीण रायसा पोलंडमार्गे मेक्सिकोत पोचली आणि तिहुआनाला अमेरिकेच्या सरहद्दीवर रांगेत उभी राहिली.

मी आणि रत्ना गाडी घेऊन त्यांना आणायला सॅन डिएगोला गेलो. सरहद्दीच्या फाटकातून एकट्या रायसाताई बाहेर आल्या. ऐन वेळी भावाला ताप भरला होता. "तू हो पुढे, मी उद्या येतो," म्हणून त्यानं त्यांना पाठवलं आणि स्वतः पलीकडच्या छावणीत पडून राहिला. उद्या येऊन गेला. तो आला नाही. त्याचा फोनही लागेना.

मोटेलवर रायसाताई पाण्यापलीकडे काही घेईनात. रत्नानं सँडविच पुढे केलं.

"आमचा पेसाख चालू आहे," त्या म्हणाल्या. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. "आम्हा ज्यूंना हा आठवडा पाव चालत नाही."

रत्नाचा चेहरा उजळला. "अहो, उपास आहे त्यांचा. विचारा, बटाटा चालतो का?"

चालत होता.

"शेंगदाणे?"

त्यावर त्यांच्यात दोन मतं होती, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांवर नाराज होती. रत्नाच्या माहेरी उपासाला कोथिंबीर चालते, आमच्याकडे चालत नाही. हा वाद आमच्या लग्नाइतकाच जुना आहे.

"अगदी आपल्यातल्याच आहेत," रत्ना म्हणाली.

रत्ना प्रवासाला निघाली की कपडे विसरते, इलेक्ट्रिक कुकर विसरत नाही. खोलीत स्वयंपाकाला मनाई आहे अशी पाटी होती, तिच्यावर तिनं टॉवेल वाळत घातला. दुपारपर्यंत टेबलावर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि वऱ्याचे तांदूळ मांडले गेले.

रायसाताई बघत राहिल्या. "हा उपास?"

"साधाच आहे," रत्ना म्हणाली. "एकादशीला जास्त असतं."

रायसाताई पहिल्यांदाच हसल्या, आणि लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला. "रत्ना, मी उपास करत नाहीये. तो तिकडे जेवला की नाही कळत नाही. घास उतरत नाही गं."

रत्नानं डबे काढले आणि सगळं भरलं.

"चला," ती म्हणाली. "इथे बसून नाही खायचं. तिथेच जाऊ."

आम्ही फाटकासमोरच्या पार्किंगमध्ये थांबलो. माणसं येत होती, आपापल्या माणसांना बिलगत होती. रायसाताई प्रत्येक चेहरा तपासत होत्या. ऊन उतरल्यावर एक उंच, वाळलेला म्हातारा हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बाहेर आला. लॅपटॉपवर तो बराच जाड दिसायचा.

रायसाताईंनी मिठी मारली नाही. आधी त्याच्या कपाळाला हात लावला. मग त्यांच्या भाषेत त्याला झाडायला सुरुवात केली. मला ती भाषा येत नाही, पण मलाही थोरली बहीण आहे. फोन चार्ज केला नव्हता, इतकं नक्की कळलं.

रत्नानं गाडीच्या बॉनेटवर डबा उघडला. सेम्योन काहीतरी विचारणार होता, तेवढ्यात बहिणीनं त्याच्या तोंडात चमचा घातला. तो बराच वेळ चावत राहिला. त्यानं गिळलेलं दिसलं तेव्हा त्यांनी तोच चमचा पुन्हा भरला आणि उभ्याउभ्याच स्वतः खायला सुरुवात केली.