चाळीस पावलं मागे

आमचे भावजी कुलपांच्या कारखान्यात विक्री बघतात, त्यामुळे जगात कोणाचा कोणावर किती भरवसा उरलाय याचा अंदाज त्यांना धंद्यानेच दिलेला आहे. परदेशात आठ दिवस राहून ते परतले, ते वहीत दोन रकाने आखूनच : तिकडे आणि इकडे. तीन वर्षं बिऱ्हाडासकट तिकडे जाल का, असं कंपनीने विचारलं होतं. शुक्रवारी उत्तर द्यायचं होतं.

त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीचा प्रश्न एकच. "तिथे मला एकटीला फिरता येईल?" इथे पोहण्याच्या क्लासला तिला सोडायला आई, आणायला बाप, आणि दोघंही अडकले की मी.

'तिकडे'चा रकाना भरगच्च होता. चालणाऱ्यांसाठी गाड्या थांबतात. दुकानांबाहेर सायकली बिनकुलपाच्या उभ्या.

"मग तुमचा माल घेणार कोण?" मी विचारलं.

शेवटची ओळ मात्र खोडलेली होती. ताईने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

भावजी आधी पाणी प्यायले, मग त्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दप्तर घेऊन एकटीच घरी चालली होती. यांना राहवेना. नीट पोचते का बघू, म्हणून हे चाळीस पावलं मागे. ती वळली, हे वळले. ती थांबली, हे थांबले. तिसऱ्या वळणावर एका फुलवालीने यांना अडवलं, आणि पाच मिनिटांत दोन पोलीस हजर.

"अख्ख्या शहरात एक संशयित सापडला, तोही आमच्याच घरचा," ताई म्हणाली.

"अगं, मला तिची काळजी वाटत होती."

"हे सांगितलंत कसं त्यांना?"

"हातवारे करून."

लेक टेबलाशी बसून सगळं ऐकत होती.

गुरुवारी भावजींनी तिला क्लासला एकटीला पाठवलं. प्रयोग म्हणून. आणि अर्थात स्वतः चाळीस पावलं मागे निघाले, साक्षीला मला घेऊन. शिंप्याने हात केला. औषधवाल्याने "फिरायला का?" म्हणून विचारलं. मुलीच्या मागे का चाललात, हे कोणी विचारलं नाही.

"ओळखतात ना आपल्याला," मी म्हणालो.

पुढच्या दोन गल्ल्यांत आम्हाला कोणीच ओळखत नव्हतं. तिथेही कोणी विचारलं नाही. भावजींची चाल मंदावली.

क्लासच्या फाटकाशी लेक वळली. "बाबा, मामा, मघापासून दिसताय दोघं. तिकडे असं मागे आलं की पोलीस धरतात ना?"

"धरतात."

"मग जाऊ या तिकडे." ती आत गेली.

भावजींनी वही काढली. पेन आधी तिकडे गेलं, मग इकडे आलं, आणि शेवटी मधल्या रेघेवरच त्यांनी बारीक अक्षरात 'हो' लिहिलं. मग घड्याळ पाहिलं.

"तासाभराने सुटेल ती. तू जा घरी. मी थांबतो." थोडा विचार करून म्हणाले, "पण जरा लांब थांबतो."